बटण दाबणारा एक, सही करणारा दुसरा

प्रश्न असा आहे: कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचं उद्घाटन राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी बटण दाबून केलं असं एका ठिकाणी वाचलं. दुसरीकडे वाचलं की जगाला निमंत्रण राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी दिलं. मग श्रेय कुणाचं? आणि उद्घाटनापलीकडे राष्ट्रप्रमुखाचं अशा प्रदर्शनात काम तरी काय असतं?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बत्तीस वर्षं प्रदर्शनं उभारण्याचा धंदा केला. मांडव, स्टॉल, वीज, व्यासपीठ, पाहुण्यांची ये-जा, सगळं. जागतिक प्रदर्शनांच्या इतिहासाचं वेड त्यातूनच लागलं. त्यामुळे उत्तर पडद्यामागून देतो, कारण माझं आयुष्य तिथेच गेलं.

एका औद्योगिक प्रदर्शनात आम्ही कोनशिलेचं अनावरण रिमोटने ठेवलं होतं. रिमोट दिसायला झकास, पण कशालाच जोडलेला नव्हता. पडद्यामागे आमचा एक पोरगा दोरी धरून उभा. साहेबांचा अंगठा खाली गेला की त्याने दोरी ओढायची, एवढंच ठरलेलं. निवेदिकेचं वाक्य लांबलं, पोराला वाटलं झालं, आणि पडदा सरकला तेव्हा साहेबांचा अंगठा अजून हवेतच होता. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. त्या दिवसापासून कुठल्याही उद्घाटनाचा फोटो पाहिला की मी आधी दोरी कुठे असेल ते शोधतो. शिकागोची दोरी फार लांब होती. तिचं दुसरं टोक अडीच-तीन वर्षं मागे होतं आणि ते दुसऱ्याच माणसाच्या हातात होतं.

आधी तो प्रसिद्ध क्षण. १ मे १८९३, सोमवार. शिकागोच्या दक्षिणेला मिशिगन सरोवराकाठचं जॅक्सन पार्क. आधी पडलेल्या पावसाने मैदानात चिखल झालेला, कित्येक दालनांत माल अजून पेट्यांतच. ज्याच्यामुळे आज हे प्रदर्शन लोकांना आठवतं ते फेरिसचं २६४ फुटी आकाशपाळणं तर सुरूच व्हायचं होतं. ते फिरायला लागलं २१ जूनला. उद्घाटनाच्या दिवशी काम संपलेलं नसणं हा आमच्या धंद्याचा सनातन धर्म आहे, त्यामुळे हे वाचून मला बरं वाटलं होतं. प्रशासन इमारतीसमोर व्यासपीठ, त्यावर ग्रोव्हर क्लीव्हलंड, शेजारी खास स्पेनहून आणलेले कोलंबसाचे वंशज ड्यूक ऑफ व्हेराग्वा. प्रार्थना झाली, वाद्यवृंद झाला, व्यवस्थापकांचं भाषण झालं. मग क्लीव्हलंड थोडक्यात बोलले. या यंत्रांना जशी एका स्पर्शाने गती मिळते तशीच माणसाच्या कल्याणाच्या, प्रतिष्ठेच्या आणि स्वातंत्र्याच्या शक्तींना या क्षणी जाग येवो, असा शेवटाचा भावार्थ. आणि त्यांनी कळ दाबली.

ती कळ म्हणजे आपल्या आजच्या अर्थाने बटण नव्हे. तारखात्यात 'कट्ट कड कट्ट' करायला वापरत तशीच तारयंत्राची कळ, फक्त पोलादाऐवजी सोन्याची आणि बोट ठेवायची जागा हस्तिदंताची. खाली निळ्या-पिवळ्या मखमलीची बैठक, तिच्या कडेला चंदेरी अक्षरांत दोन साल: १४९२ आणि १८९३. मला त्या दुसऱ्या आकड्याची गंमत वाटते. चारशे वर्षं व्हायला १८९२ हवं होतं. तो एक वर्षाचा उशीर त्यांनी मखमलीवर चंदेरी अक्षरांत मिरवला.

कळ दाबताच यंत्रांच्या दालनातलं अवाढव्य इंजिन फिरू लागलं, कारंजी उसळली, शेकडो झेंडे एकदम उलगडले, तळ्यातल्या ६५ फुटी सोनेरी 'रिपब्लिक' पुतळ्यावरचं आवरण गळून पडलं, सरोवरातल्या जहाजांनी तोफा डागल्या. आता धंद्यातला माणूस म्हणून सांगतो: तारयंत्राच्या कळीतून जेमतेम इशारा देण्याएवढा प्रवाह जातो. ती कळ इंजिन चालवत नाही, 'आता' एवढंच सांगते. बॉयलरला वाफ आधीच चढलेली असते, झेंड्यांच्या दोऱ्यांपाशी माणसं उभी असतात, तोफांपाशी गोलंदाज तयार असतात. राष्ट्राध्यक्षांच्या बोटाने तिथे जे केलं ते शेकडो हातांना एकाच वेळी हलायला लावण्याचं. हे काम लहान नाही. पण या दृश्यात क्लीव्हलंड यांचं स्वतःचं किती होतं? ते दुसऱ्यांदा सत्तेवर आले ४ मार्च १८९३ ला. कळ दाबताना त्यांना खुर्चीत बसून दोन महिनेही झाले नव्हते. मैदान निवडलं जात होतं, आराखडे होत होते, इमारती उठत होत्या, त्या सगळ्या काळात ते एक माजी राष्ट्राध्यक्ष होते.

आता दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ.

प्रदर्शन कुठे भरवायचं हे कुठल्याच राष्ट्राध्यक्षाने ठरवलं नाही. न्यूयॉर्क, शिकागो, सेंट लुइस आणि वॉशिंग्टन अशी चार शहरं भांडत होती. २४ फेब्रुवारी १८९० ला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एकामागून एक आठ फेऱ्या मतदान झालं तेव्हा शिकागोचा विजय झाला. २५ एप्रिल १८९० ला हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. श्रेयाचा प्रश्न विचारणाऱ्याने हा कायदा नीट वाचावा, कारण राष्ट्राध्यक्षाचं खरं काम त्यातच लिहिलेलं आहे.

कायद्याने राष्ट्राध्यक्षाला तीन गोष्टी दिल्या. पहिली नेमणुका. प्रदर्शनाच्या राष्ट्रीय मंडळावर प्रत्येक राज्यातून आणि प्रांतातून दोन सदस्य, राज्यपालांनी नावं सुचवायची, राष्ट्राध्यक्षांनी नेमायचं, शिवाय काही सदस्य थेट त्यांच्या पसंतीचे. दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, निमंत्रण. पण इथे एक मेख होती. शिकागोने पुरेशी जागा आणि किमान एक कोटी डॉलर यांची सोय केली आहे याची खात्री पटल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाने जगाला बोलवायचं नाही. तिसरी गोष्ट सांगितली तर हसाल: आरमाराची पाहणी. एप्रिल १८९३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात नौदलाचं संचलन भरवायचं आणि इतर देशांच्या युद्धनौकांना आमंत्रण द्यायचं. प्रदर्शन शिकागोला आणि जहाजं न्यूयॉर्कला, कारण एवढ्या नौका सरोवरात आणणार कशा? शिवाय कॅनडाबरोबरच्या सरोवरांत युद्धनौका ठेवण्यावर ब्रिटनशी झालेल्या जुन्या कराराचं बंधन होतं. मग शिकागोकरांना आरमार दाखवायचं कसं? जॅक्सन पार्कच्या काठाला त्यांनी पूर्ण आकाराची 'इलिनॉय' युद्धनौका बांधली, विटा आणि सिमेंटची. असा स्टॉल उभारायला मिळाला असता तर मी एका पायावर तयार झालो असतो.

मेख होती ती एक कोटीची. शिकागोच्या धनिकांनी आणि सामान्य भागधारकांनी मिळून आधी पन्नास लाखांची तयारी केली होती. न्यूयॉर्कशी झालेल्या चढाओढीत ती रक्कम दुप्पट करावी लागली. वर्षभर मैदान कुठलं यावरच वाद. शेवटी २४ डिसेंबर १८९० ला, नाताळच्या आदल्या दिवशी, हॅरिसन यांनी जाहीरनामा काढला: पुरेशी सोय झाल्याचा पुरावा माझ्यापुढे आला आहे, प्रदर्शन १ मे १८९३ ला उघडेल, पृथ्वीवरच्या सर्व राष्ट्रांनी यावं. एवढं झाल्यावर अमेरिकेचे राजदूत देशोदेशींच्या दरबारांत पत्रं घेऊन पोचले आणि शेवटी चाळीसहून अधिक देश आले.

या एका सहीचं मोल प्रदर्शनवाल्यालाच नीट कळतं. प्रदर्शन भरवणारी शिकागोची कंपनी म्हणजे एका शहरातल्या व्यापाऱ्यांची संस्था. तिने जपानच्या सम्राटाला पत्र पाठवलं असतं तर ते कुणाच्या टेबलावर पडलं असतं देव जाणे. राष्ट्राचं पत्र राष्ट्राला जातं तेव्हा समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. पैसे नागरिकांचे, घाम मजुरांचा, आराखडे वास्तुरचनाकार बर्नहॅम आणि उद्यानरचनाकार ओल्मस्टेड यांचे. राष्ट्रप्रमुखाकडून उसनं घ्यायचं ते नाव, आणि ते नाव उसनं देण्याआधी त्याने तिजोरी तपासायची. हॅरिसन यांनी ती तपासली. आमच्याकडे पुष्कळ प्रदर्शनांत याच्या उलट क्रम मी पाहिला: आधी पाहुण्यांची तारीख, मग जागा, मग पैसे, आणि शेवटी ठेकेदाराचं बिल, जे अजून यायचंय.

सरकारने स्वतः खर्च किती केला? त्याच कायद्यात सरकारच्या स्वतःच्या इमारतीला आणि दालनांना पंधरा लाख डॉलरची मर्यादा होती. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. पुढे पैसे कमी पडले तेव्हा कंपनी पुन्हा वॉशिंग्टनच्या दारात गेली आणि ऑगस्ट १८९२ मध्ये मोठी मजेशीर मदत मिळाली: पन्नास लाख नाणी. अर्ध्या डॉलरची स्मरणनाणी, एका बाजूला कोलंबस, दुसऱ्या बाजूला त्याचं जहाज. सरकारने ती दर्शनी किमतीची समजून द्यायची आणि कंपनीने एकेक डॉलरला विकायची, म्हणजे पंचवीस लाखांचे पन्नास लाख. अमेरिकेच्या टांकसाळीचं हे पहिलं स्मरणनाणं. पहिल्या नाण्याला एका टाइपरायटर कंपनीने दहा हजार डॉलर मोजले, जाहिरातच ती. बाकीची तेवढी खपली नाहीत, पुष्कळशी वितळवावी लागली, अनेक लोकांच्या खिशात साध्या अर्ध्या डॉलरसारखी फिरली.

पण या मदतीला एक दोरी बांधलेली होती: रविवारी प्रदर्शन बंद ठेवायचं. चर्चवाल्यांचा मोठा रेटा होता. हॅरिसन यांनी त्या कायद्यावर सही केली. कारखान्यातल्या कामगाराला सुट्टी फक्त रविवारीच, म्हणजे ज्याने भिंती उभारल्या त्यालाच आत जायला वाव नाही. भांडण कोर्टात गेलं, जून १८९३ मध्ये अपील न्यायालयाने बंदीचा हुकूम उठवला आणि रविवारी दारं उघडी राहिली. गर्दी मात्र अपेक्षेएवढी झाली नाही. रविवारी यंत्रं बंद, निम्मे स्टॉल झाकलेले. तिकीट पूर्ण आणि प्रदर्शन अर्धं असेल तर कोण येणार?

आता १८९२ चा ऑक्टोबर. इमारतींचं समर्पण, म्हणजे आपल्या भाषेत वास्तुशांत, वर्धापनाच्या वर्षातच उरकायचं होतं, म्हणजे चारशेवं वर्ष हुकलं असं म्हणायला नको. कोलंबस उतरला १२ ऑक्टोबर १४९२ ला, पण ते जुन्या पंचांगाने. नव्या पंचांगाने ती तारीख येते २१ ऑक्टोबर. हॅरिसन यांनी २१ ऑक्टोबर १८९२ ला देशभर सुट्टी जाहीर केली आणि शाळांनी तो दिवस पाळावा असं आवाहन केलं. त्या दिवशी अमेरिकेतल्या हजारो शाळांत मुलांनी झेंड्यासमोर एक नवी प्रतिज्ञा म्हटली. ती फ्रान्सिस बेलामी यांनी या दिवसासाठीच लिहिली होती. थोडीफार बदलून ती आजही तिथल्या शाळांत रोज म्हटली जाते. त्या सबंध प्रदर्शनातून जे अजून रोजच्या व्यवहारात जिवंत आहे त्यात ही प्रतिज्ञा वरच्या क्रमांकावर ठेवावी लागेल, आणि तिच्यासाठी ना इमारत लागली ना इंजिन. एक जाहीरनामा पुरला.

हॅरिसन स्वतः मात्र त्या समारंभाला गेले नाहीत. त्यांची पत्नी कॅरोलाइन मरणशय्येवर होती. उपराष्ट्राध्यक्ष लेव्ही मॉर्टन यांना पाठवलं. चारच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, कॅरोलाइन गेल्या. त्यानंतर दोन आठवड्यांत निवडणूक आणि हॅरिसन हरले. ज्यांनी त्यांना हरवलं त्या क्लीव्हलंडना हॅरिसन यांनीच १८८८ मध्ये हरवलं होतं. त्यामुळे प्रदर्शनाची जन्मकथा अशी: हॅरिसन यांनी सही केली, अटी तपासल्या, जगाला बोलावलं, सुट्टी दिली, आणि यजमान म्हणून मिरवायची वेळ आली तेव्हा खुर्ची गेली. भूमिपूजनाच्या पाटीवर एक नाव आणि उद्घाटनाच्या पाटीवर दुसरं, हे आपल्याकडच्या प्रत्येक उड्डाणपुलाखाली वाचायला मिळतं. शिकागोचं वेगळेपण नाही.

हा योगायोग वाटू नये म्हणून शेजारची तीन प्रदर्शनं सांगतो. तीही सगळी वर्धापनाचीच.

पॅरिसचं १८८९ चं. राज्यक्रांतीला शंभर वर्षं. प्रदर्शनाचा हुकूम १८८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांच्या काळात निघाला. जावयाने सरकारी मानचिन्हं विकल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि १८८७ मध्ये ग्रेव्हींना पायउतार व्हावं लागलं. ६ मे १८८९ ला उद्घाटन केलं सादी कार्नो यांनी. इथे तर राष्ट्रप्रमुखाचं निमंत्रणच अडचणीचं ठरलं. राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रांतीचा वाढदिवस, त्याला राजे कसे येणार? युरोपातल्या बहुतेक राजेशाह्यांनी अधिकृतपणे अंग काढून घेतलं, व्यापारी आणि कारागीर मात्र खुशाल आले. ब्रिटनचे पॅरिसमधले राजदूत तेव्हा लॉर्ड लिटन होते. हो, आपल्याकडे देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा आणणारे तेच. उद्घाटनाला त्यांची खुर्ची रिकामी होती. तरी आयफेल मनोरा बघायला तीन कोटींवर माणूस लोटला.

सेंट लुइसचं १९०४ चं. अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख विकत घेतला त्याला शंभर वर्षं झाली १९०३ मध्ये, प्रदर्शन इथेही वर्षभर उशिरा. जगाला निमंत्रण दिलं विल्यम मॅकिन्ली यांनी, १९०१ च्या ऑगस्टमध्ये. पुढच्याच महिन्यात, बफेलोच्या प्रदर्शनात लोकांशी हस्तांदोलन करत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठ दिवसांनी ते गेले. सेंट लुइसची कळ दाबली थिओडोर रूझवेल्ट यांनी, तीही तिथे न जाता, वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसमध्ये बसून तारेवरून. निवडणुकीचं वर्ष होतं. मैदानात पाऊल ठेवलं ते ८ नोव्हेंबरला निवडून आल्यावर, २६ नोव्हेंबरला. १ डिसेंबरला तर प्रदर्शन बंद झालं. आणि एक बारीक तपशील: १९०३ मध्ये तिथल्या समर्पण सोहळ्याला व्यासपीठावर रूझवेल्टबरोबर पाहुणे म्हणून कोण होतं? माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड.

अपवाद एकच ठळक, फिलाडेल्फिया १८७६, स्वातंत्र्याची शताब्दी. युलिसिस ग्रँट यांनी १८७१ मध्ये कायद्यावर सही केली आणि १० मे १८७६ ला उद्घाटनही त्यांनीच केलं, कारण मधली निवडणूक ते जिंकले होते. त्यांच्या बरोबरीने कॉर्लिस या अवाढव्य वाफेच्या इंजिनाचा दांडा फिरवला ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी. ग्रँट चौकटीतले पाहुणे. पेद्रो मात्र हौशी माणूस. जूनमध्ये परीक्षक मंडळाबरोबर फिरताना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेबलापाशी ते थांबले, टेलिफोन कानाला लावला आणि थक्क झाले. त्या थांबण्याने बेल यांच्याकडे परीक्षकांचं लक्ष गेलं. राष्ट्रप्रमुखाचं प्रदर्शनातलं सर्वांत उपयोगी काम मला विचाराल तर हेच: एखाद्या कोपऱ्यातल्या स्टॉलपाशी दोन मिनिटं जास्त थांबणं. मी असे स्टॉलवाले पाहिलेत, ज्यांच्याकडे सकाळपासून कुणी फिरकलं नाही आणि बड्या पाहुण्याचा ताफा थांबताच दुपारी मुंगी शिरायला जागा नाही.

परत शिकागोला. उद्घाटन उरकून क्लीव्हलंड निघून गेले आणि त्याच आठवड्यात शेअरबाजार कोसळला. १८९३ ची मंदी ती हीच. बँका बुडत होत्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत, आणि जॅक्सन पार्कात विजेच्या दिव्यांनी पांढऱ्याशुभ्र इमारती झळकत होत्या. (त्या दिव्यांचा ठेका वेस्टिंगहाउस कंपनीने जनरल इलेक्ट्रिक कंपनीपेक्षा कमी दर भरून मिळवला आणि प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, विजेचा बाजार कायमचा उघडला. यावर वेगळं लिहावं लागेल.) राष्ट्राध्यक्ष कुठे होते? १ जुलैला ते एका मित्राच्या यॉटवर होते आणि जहाज चालू असताना डॉक्टर त्यांच्या तोंडातली कर्करोगाची गाठ काढत होते. बाजार आणखी घाबरू नये म्हणून हे गुपित ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, खास अधिवेशन बोलावलं, सरकारला चांदी विकत घ्यायला लावणारा कायदा रद्द करायला. तो कायदा १८९० चा, सही हॅरिसन यांची. म्हणजे प्रदर्शनाबरोबर क्लीव्हलंडना हेही वारशात आलं होतं.

रोजचं यजमानपद सांभाळलं ते शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांनी. नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो, हे हॅरिसन वेगळे. ९ ऑक्टोबरला 'शिकागो दिना'ला एका दिवसात सात लाखांवर तिकिटं गेली. २८ ऑक्टोबरला प्रदर्शनात देशभरच्या महापौरांपुढे भाषण करून ते घरी आले आणि नेमणूक न मिळाल्याने भ्रमिष्ट झालेल्या एका तरुणाने घरातच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ३० तारखेचा समारोपाचा सोहळा रद्द झाला. सहा महिन्यांत पावणेतीन कोटी प्रवेश झालेलं प्रदर्शन शोकसभेने मिटलं.

मुंबईचा धागाही इथे आहे. विवेकानंद मुंबईहून जहाजात बसले ३१ मे १८९३ ला, म्हणजे क्लीव्हलंडनी कळ दाबल्यानंतर महिन्याने. प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद झाली ११ ते २७ सप्टेंबर, जॅक्सन पार्कात नव्हे तर शहरात, जिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट आहे. मुंबईच्या ब्राह्मसमाजातर्फे बी. बी. नगरकर तिथे बोलले, जैनांतर्फे वीरचंद गांधी. आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या मंडळींना बोलावलं. तसं नाही. हॅरिसन यांचं निमंत्रण राष्ट्रांना होतं आणि आपण तेव्हा राष्ट्र म्हणून कुणाच्या यादीतच नव्हतो. धर्मपरिषदेची पत्रं जॉन हेन्री बॅरोज या धर्मोपदेशकांच्या समितीने पाठवली होती, आणि विवेकानंदांकडे तर तेही पत्र नव्हतं.

राहिलं कायद्याने दिलेलं पहिलं काम, नेमणुकांचं. तिथे हॅरिसन यांना श्रेय देता येत नाही. राष्ट्रीय मंडळाच्या पहिल्या याद्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. ओरड झाली तेव्हा सेंट लुइसचे एक गृहस्थ घेतले, तेही पर्यायी सदस्य म्हणून. गुलामगिरीतून सुटून देशातला सर्वांत मोठा वक्ता झालेले फ्रेडरिक डग्लस यांना त्यांच्याच देशाच्या प्रदर्शनात मानाची जागा नव्हती. ती दिली हैतीच्या राष्ट्राध्यक्षांनी. डग्लस आधी अमेरिकेचे राजदूत म्हणून हैतीत राहिले होते (ती नेमणूक हॅरिसन यांचीच, हेही नोंदवायला हवं). राष्ट्राध्यक्ष फ्लोरव्हिल इपोलित यांनी त्यांना हैतीच्या दालनाचे आयुक्त नेमलं. २ जानेवारी १८९३ ला, मुख्य उद्घाटनाच्या चार महिने आधी, डग्लस यांनी त्या दालनाचं समर्पण केलं. उन्हाळ्यात त्याच दालनात एक टेबल टाकून कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात एक पुस्तिका देत राहिल्या. तिचा मथळाच असा होता: या प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकन का नाही.